गोव्याच्या उन्हाळ्यात फिश टँक: गारवा नंतर, हवा आधी

उन्हाळ्यात टँकवर पंखा लावा, पाणी पाच-सहा अंशांनी उतरेल, हा सल्ला खोटा नाही. पण तो नागपूर-अकोल्याकडचा आहे. तिकडे मे महिन्यात हवा 44 अंश तापलेली आणि हवेत ओलावा जेमतेम 15 टक्के. अशा हवेत पाण्याची वाफ भराभर होते आणि जाताना पाण्यातली उष्णता घेऊन जाते. ओला फडका वाऱ्यावर धरला की तो जितका गार होतो, तितकंच पंख्याखालचं पाणी गार होऊ शकतं. त्याच्या खाली ते कधीच जात नाही. नागपुरात ही मर्यादा साधारण 23 अंशांवर येते. पणजी-म्हापशाला मेच्या दुपारी 34 अंश आणि 65 टक्के ओलावा धरला, तर तीच मर्यादा 28 च्या वर सरकते. त्यामुळे आपल्याकडे पंखा दोन अंश देतो, फार तर तीन. तेवढ्यावर समाधान मानायचं आणि बाकीचं काम दुसरीकडून करून घ्यायचं.

दुसरीकडून म्हणजे हवेतून. गोव्यातला उन्हाळा आकड्यांत फारसा भयंकर नसतो. दुपारी 33-34, रात्री 26-27. पण रात्र उतरत नाही, त्यामुळे घरातलं पाणी आठवडेच्या आठवडे 30-31 वर बसून राहतं. एंजल, फायटर, गुरामी, मॉली, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांना 30 अंश चालतात. मग मासे मरतात कशाने? बहुतेक वेळा गुदमरून.

25 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांना 7.5, आणि 32 ला 7.3. घट दहा टक्क्यांच्या आसपासची, म्हणजे ऐकायला किरकोळ. पण पाणी दहा अंशांनी तापलं की माशाच्या शरीराचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे पाच-सहा अंशांतही मागणी बरीच वाढलेली असते. फिल्टरमधले जिवाणू, वाळूत कुजणारं खाणं, रात्री श्वास घेणाऱ्या वनस्पती, सगळे त्याच साठ्यावर जगतात. आवक घटलेली आणि खाणारी तोंडं वाढलेली. हा हिशोब सर्वात वाईट असतो पहाटे, उजाडण्यापूर्वी. म्हणून टँकची खरी परीक्षा दुपारी तीनला नाही, पहाटे पाचला होते. टॉर्च घेऊन बघा. मासे वर येऊन तोंड उघड-मीट करत असतील आणि आठ-नऊ वाजता पुन्हा नीट पोहत असतील, तर प्राणवायू कमी पडतोय. दिवसभर तसेच वर राहत असतील तर अमोनिया किंवा नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषं) तपासा. फायटर आणि गुरामी वर येऊन हवा घेतातच, तळाशी राहणारा कोरीही मधूनच वर जाऊन घोट घेऊन येतो. त्यांच्यावरून निदान करू नका. टेट्रा, बार्ब, गप्पी, एंजल काय करतात ते पाहा.

पहिलं काम थर्मामीटर. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी निम्मी खोलीचं तापमान सांगते, ती काढून टाका. आत बुडणारा काचेचा किंवा वायरवाला डिजिटल घ्या आणि तीन दिवस सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री आठ अशा नोंदी ठेवा. पाणी खोलीच्या मागून तापतं, त्यामुळे त्याचा सर्वोच्च आकडा बहुधा संध्याकाळी मिळतो. दिवसभरातला फरक दोन अंशांच्या आत असेल तर पाणी 31 असलं तरी घाबरण्यासारखं काही नाही. फरक चार अंशांचा असेल तर 29 च्या टँकमध्येही मासे आजारी पडतील. वीस लिटरच्या छोट्या टँकमध्ये हे हमखास होतं. रात्री एसीच्या खोलीत 24 आणि दिवसा बंद खोलीत 32, हा प्रकार तर गरम पाण्यापेक्षा वाईट. एसी चोवीस तास चालवणार नसाल तर टँक त्या खोलीतून हलवा.

जागेचं तेवढंच महत्त्वाचं. पश्चिमेच्या भिंतीला लागून टँक नको. चिऱ्याची भिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता रात्री आत सोडत राहते. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली असेल तर खालच्या मजल्यावर आणा. बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) टँक शोभून दिसतो, पण संध्याकाळचं तिरकं ऊन अर्धा तास जरी काचेवर पडलं तरी शेवाळ आणि तापमान दोन्ही चढतात. मागे आणि बाजूने भिंतीपासून दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा.

हीटर काढून ठेवा. नुसता बंद नव्हे, प्लगमधून काढा. हीटरचा थर्मोस्टॅट चिकटला की तो चालूच राहतो, आणि पाणी आधीच 31 असताना हे वेळेत कुणाच्या लक्षात येत नाही. तसंच पाण्यात बुडलेला पॉवर हेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) किंवा पंप जेवढे वॅट खातो ते जवळजवळ सगळे उष्णता बनून पाण्यातच उतरतात. शंभर लिटरमध्ये 20 वॅटचा पंप तासाला 0.17 अंश चढवतो. थोडी उष्णता बाहेर जाते म्हणून तापमान चढतच राहत नाही, पण अंशभराचा भार कायमचा बसतो. गरजेपेक्षा मोठा पंप असेल तर उन्हाळ्यापुरता लहान लावा, किंवा बाहेर बसणाऱ्या एअर पंपावर स्पंज फिल्टर चालवा. दिवे सहा तासांवर आणा, आणि ते सूर्यास्तानंतर लावा.

आता हवा. बुडबुड्यांमधून पाण्यात थेट प्राणवायू विरघळतो तो थोडाच. खरं काम होतं ते पाण्याचा पृष्ठभाग सतत उलटापालटा झाल्याने. त्यामुळे दोन फुटी टँकला एक एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) कोपऱ्यात खोल ठेवून भागत नाही. फिल्टरचं तोंड वर, पृष्ठभागाकडे, तिरपं वळवा, म्हणजे टँकभर लहर उठेल. पाण्यावर तेलकट साय दिसत असेल तर ती आधी काढा, कारण तिच्यामुळे हवेची देवाणघेवाण अडते. कोरडा टिश्यू पेपर पृष्ठभागावर पसरून उचलायचा, दोन-तीनदा. वनस्पती भरपूर असतील आणि त्यांना सिओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) देत असाल तर मात्र दिवे चालू असताना लहर कमी आणि विझल्यावर जोरात. दिवे विझण्याच्या तासभर आधी सिओटू बंद आणि दिवे विझताच एअर पंप चालू, असं टायमरवर बांधून ठेवा. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाहिजेच. वीज गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून जमिनीवर जातं. हा दहा-पंधरा रुपयांचा तुकडा दर दोन वर्षांनी बदला. आतला रबर कडक होतो.

पंखा लावायचाच, पण नीट. संगणकातले 120 मिलिमीटरचे 12 व्होल्टचे दोन पंखे आणि 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा अडॅप्टर पुरे. काचेचं झाकण काढा, त्याजागी नायलॉनची जाळी ताणून बसवा. उघड्या टँकमधून गुरामी आणि डॅनियो उडी मारतात. मच्छरदाणीचा बारीक कपडा वापरू नका, तो वारा अडवतो. पंखे एका टोकाला, पाण्यापासून पाच-सात सेंटिमीटर वर, तिरपे, म्हणजे वारा पाण्यावरून सरकत दुसऱ्या टोकाने बाहेर पडेल. सरळ खाली मारलेला वारा तिथेच घोटाळतो. किनारपट्टीवर लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात आणि तो गंज टँकमध्ये टपकतो. प्लॅस्टिकच्या झिप टायने बांधा. दारं-खिडक्या बंद करून पंखा लावला तर तासाभरात खोलीच दमट होते आणि पंखा नुसता फिरत राहतो. खिडकी उघडी ठेवा किंवा एक्झॉस्ट लावा.

पंखा सतत चालू राहिला की पहाटे पाणी जास्त उतरतं आणि पुन्हा तोच चढउतार सुरू. त्यावर एसटीसी-1000 सारखा, ठरवलेल्या तापमानाला पंखा आपोआप चालू-बंद करणारा स्वस्त कंट्रोलर छान चालतो. पंख्यांचा अडॅप्टर त्याच्या कूलिंगच्या रिलेवर जोडायचा. एफ1 (हवं ते तापमान) मध्ये 29, एफ2 (फरक) मध्ये 1 ठेवलं की 30 ला पंखा सुरू होतो आणि 29 ला थांबतो. एफ3 हा फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठीचा विलंब. पंख्याला तो सर्वात कमी ठेवला तरी चालतो. सेन्सर पाण्यात खाली, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब. जोडणी डब्यात बंद करा, प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोका द्या म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगात न जाता खाली पडेल. घरात 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर टँकच्या आधी तो बसवून घ्या.

एक अपवाद. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीकधी घाटावरून पूर्वेचा कोरडा वारा उतरतो, समुद्राचा वारा उशिरा येतो आणि पारा 36-37 च्या पुढे जातो. मार्च 2023 मध्ये याच कारणाने गोव्यातल्या शाळा दोन दिवस दुपारी लवकर सोडल्या होत्या. अशा दिवसांत ओलावा खाली आलेला असतो, त्यामुळे पंखा विदर्भासारखा काम करतो. दमट मेपेक्षा या कोरड्या मार्चमध्ये टँक गार ठेवणं सोपं जातं. फक्त पाणी वेगाने आटतं. दोन फुटी टँकमधून पंख्याने दिवसाला एक-दोन लिटर सहज उडतात.

हे उडालेलं पाणी भरताना लोक चुकतात. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. महिनाभर नुसतं वरून नळाचं पाणी ओतत राहिलं तर क्षार साठत जातात. रोजची भर आरओच्या पाण्याने घाला, आणि आठवड्यातून दोनदा 15 टक्के पाणी बदला. एकदम निम्मं बदलू नका.

बदलायचं पाणी कुठून घेता हेही बघा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चाळिशीला टेकलेलं असतं. ते पहाटे सहाला बादलीत भरा, एअर स्टोन सोडून दिवसभर सावलीत ठेवा, संध्याकाळी वापरा. क्लोरीनही निघून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोर (क्लोरीन घालवणारं औषध), बाटलीवर लिहिलेल्या मापाने. टँक आणि बादली यांच्या तापमानात दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. एका अर्थी ते बरं: पीएच 8 आणि 30 अंशांना एकूण अमोनियातला सुमारे साडेसात टक्के भाग विषारी रूपात असतो, पीएच 7 ला तोच एक टक्क्याहून कमी. पण मऊ पाण्यात आम्ल पचवायची ताकद नसते. उन्हाळ्यात जिवाणू जोरात काम करतात, आम्ल तयार करतात, पीएच साडेसहाच्याही खाली घसरतो आणि मग तेच जिवाणू मंदावतात. अमोनिया साठतो आणि विषारी नसल्यामुळे मासे ठीक दिसतात. अशा वेळी कुणी नळाचं जास्त पीएचचं पाणी भरपूर ओतलं की तासाभरात सगळा साठा विषारी होतो. ‘पाणी बदललं आणि मासे मेले’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथे सुटतात. उपाय स्वयंपाकघरात आहे: तिसऱ्यांची रिकामी शिंपलं. मांस पूर्ण काढून, घासून, वीस मिनिटं उकळून, वाळवून पन्नास लिटरला मूठभर जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवा. ती हळूहळू विरघळून पीएच धरून ठेवतात. मऊ पाणीच हवं असलेल्या डिस्कस आणि रॅम माशांच्या टँकमध्ये मात्र घालू नका.

बर्फाचा मोह. एक लिटर पाण्याची गोठलेली बाटली शंभर लिटर पाणी साधारण 1.1 अंशाने उतरवते, आणि खोली तापलेलीच असल्याने संध्याकाळपर्यंत ते परत चढतं. चाळीस लिटरच्या टँकमध्ये तीच बाटली पावणेतीन अंश ओढते, तेही तासा-दीड तासात. पहिल्या टँकमध्ये फायदा नाही, दुसऱ्यात धक्का. पाणी 33 च्या वर गेलं आणि वीजही नाही, तेव्हाच हा उपाय: शंभर लिटरला अर्ध्या लिटरची बाटली, पाऊण भरून गोठवलेली, बाहेरून धुतलेली, फिल्टरच्या तोंडाशी, आणि दोन तासांनी दुसरी. बर्फाचे खडे थेट टँकमध्ये नकोत.

चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, हवा असेल तर कॉम्प्रेसरवालाच. थर्मोइलेक्ट्रिक खेळणी लहानशा टँकपलीकडे काही करत नाहीत. आणि चिलर पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो. बंद कॅबिनेटमध्ये ठेवला तर स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकतो. कोळंबी आणि समुद्री माशांसाठी खर्च समजतो. गप्पीसाठी नाही.

खाणं. दिवसातून एकदा, सकाळी, दोन मिनिटांत संपेल एवढंच. संध्याकाळी घातलं तर पचनाला लागणारा जादा प्राणवायू नेमका रात्री, साठा उतरत असताना खर्च होतो. आठवड्यातून एक दिवस उपास. पिलांना उपास घालू नका. गरम पाण्यात त्यांची भूक खरी असते.

कोणते मासे पाळावेत यावर स्पष्टच सांगायचं तर, गोव्यात चिलरशिवाय गोल्डफिश पाळू नये, आणि काचेच्या भांड्यात तर नाहीच. त्याला 18 ते 24 अंश मानवतात. नियॉन टेट्रापेक्षा कार्डिनल टेट्रा उष्णता जास्त सोसतो. पांडा कोरीऐवजी स्टर्बाय कोरी घ्या. दुकानात ‘मिस केरला’ म्हणून मिळणारा डेनिसन बार्ब आपल्याच सह्याद्रीतला, म्हणून तो इथे मजेत राहील असं वाटतं. पण तो केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या, गार ओढ्यांतला आहे आणि त्याला हवा भरपूर लागते. उलट डिस्कस आणि रॅम, ज्यांना एरवी हीटर लावावा लागतो, ते आपल्या मेमध्ये खूश असतात, पाणी स्वच्छ आणि हवा भरपूर असेल तर. नवा मासा मेमध्ये आणूच नका. आणलाच तर संध्याकाळी, थर्माकोलच्या डब्यात, पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा. स्कूटरच्या डिकीत पिशवी ठेवाल तर खालच्या इंजिनाने ती शिजते.

मेच्या शेवटी वळवाचे ढग आले की वीज जाणारच. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एअर पंप ठेवा. तो तीन ते पाच वॅटचा असतो, रात्र सहज काढतो. नसेल तर यूएसबीवर चालणारा पंप आणि पॉवर बँक. पण एक खोच आहे: पुष्कळ पॉवर बँका भार फार कमी आहे असं समजून काही मिनिटांत आपोआप बंद होतात. आधीच दोन तास चालवून बघा. काहीच नसेल तर मगाने टँकमधलंच पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओतायचं, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर बसणारा बंद डब्याचा) तीन-चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नका. आतले जिवाणू गुदमरून मेलेले असतात आणि ती घाण थेट माशांवर येते. उघडा, आतलं पाणी फेका, स्पंज टँकच्या पाण्यात पिळून घ्या, मग लावा.

आजारांपैकी दोन ओळखा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक. 30 अंशांच्या वर त्याची वाढ खुंटते, म्हणून मेमध्ये तो कमी आणि पहिल्या पावसाने पाणी अचानक उतरलं की जास्त. तोंडाशी किंवा पाठीवर करड्या-पांढऱ्या कापसासारखा थर म्हणजे बहुधा कॉलम्नॅरिस. तो जिवाणू आहे, बुरशी नव्हे, आणि गरम पाण्यात झपाट्याने वाढतो. त्याला इक समजून पाणी आणखी तापवलं तर दोन दिवसांत टँक रिकामा. औषध कोणतंही द्या, फॉर्मॅलिनवालं असेल तर विशेषतः, एअर पंप पूर्ण जोरात हवा. फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं.

बाहेर सिमेंटच्या टाकीत गप्पी किंवा मॉली असतील तर 50 टक्क्यांचं शेडनेट, नाहीतर चुडतांची मल्लां (माडाच्या विणलेल्या झावळ्या), पाण्यापासून दोन फूट वर. थेट टेकवली तर हवा अडते. पाण्याची खोली निदान दीड फूट ठेवा, कारण उथळ टाकी दुपारी ताटासारखी तापते. आणि जूनच्या आत काठापासून चार बोटं खाली सांडव्याची नळी बसवा, तोंडाला बारीक जाळी लावून. पहिल्या मोठ्या पावसात टाकी भरून वाहते तेव्हा गप्पी पाण्याबरोबर गटारात जातात. घरातल्या टँकचे पंखे त्याच दिवशी बंद करा, जाळीच्या जागी झाकण परत ठेवा आणि हीटर पुसून, एका बादलीत चालवून तपासून घ्या.